पठारावरची ओहोटी

ठाणे खाडीत हिवाळ्यात पाणपक्ष्यांची दाटी होते, कारण ओहोटी तिथे दिवसातून दोनदा चिखल उघडा पाडते आणि त्यातले कृमी-कीटक चोचीच्या टप्प्यात येतात. उमरखेड-पुसद पट्ट्यातली ढाणकी समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तरीही या पट्ट्यात हिवाळी पक्षी पाहायला निघणाऱ्याने ओहोटीच शोधावी, असे माझे म्हणणे आहे. इथली ओहोटी वर्षातून एकदाच येते. पावसाळ्यात तुडुंब भरलेला तलाव रब्बीच्या पाळ्या सुटू लागल्या की उतरू लागतो, आणि उन्हाळ्यापर्यंत ओल्या काठाची नवी पट्टी उघडी पडत राहते. स्थलांतरित पक्षी नेमके याच महिन्यांत इथे असतात. पाणी किती आहे यापेक्षा ते कसे ओसरते, हे त्यांच्या दृष्टीने मोलाचे आहे. टुंड्रा प्रदेशातून येणाऱ्या छोट्या टिलव्याचे वजन जेमतेम तीस ग्रॅम आणि चोच दोन सेंटिमीटरांहूनही आखूड. त्याला चिखलाचा वरचा थरच पुरतो. पाणलाव्याची चोच सहा-सात सेंटिमीटरांची, टोकाशी स्पर्शाची जाण असलेली, म्हणून न दिसणारी अळीही तो गाळातच पकडतो. शेकाट्या लांब पायांवर वीतभर पाण्यात चरतो. पाच मीटर खोल पाण्याचा या तिघांनाही काही उपयोग नाही. आता उताराचा हिशेब पाहा. शंभराला एक असा उतार असेल, तर पातळी एक मीटर उतरताच शंभर मीटर रुंद काठ मोकळा होतो. दोनाला एक असेल, तर फक्त दोन मीटर. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या, उभ्या कडांच्या शेततळ्यावर चिखलात चरणारे पक्षी का टिकत नाहीत, ते यावरून कळते.

मग पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचा विशाल जलाशय पक्षी अभयारण्य कसा ठरला? पाणकावळ्याला मासे हवेत, लालसरी बुडी मारून खाते. या दोघांना खोली लागते, हे खरेच. पण हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब उघड्या पाण्यावर विसावतो आणि चरायला काठच्या गवतावर नि शेतांत उतरतो. शिवाय मोठ्या जलाशयालाही वरच्या अंगाला उथळ, पसरट फाटे असतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: साठवण वाढवायला आणि शेताला सुपीक माती द्यायला तलावातला गाळ काढावाच लागतो. जरूर काढावा. मात्र तो भिंतीजवळच्या खोल भागातून काढावा आणि ओढा जिथे तलावात शिरतो ते उथळ टोक तसेच ठेवावे. सर्वत्र सरळ कडा खणल्या, तर साठा वाढूनही काठ नाहीसा होतो. ओसरत्या तलावाच्या उघड्या गाळात घेतलेले गाळपेरीचे पीक पाण्याला भिडवण्याऐवजी मध्ये काही मीटर मोकळे सोडले, तर शेतकऱ्याचे नुकसान थोडे आणि पक्ष्यांचा लाभ मोठा. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. तिच्यात भाग घेणाऱ्यांनी पक्ष्यांच्या आकड्याशेजारी त्या दिवशीची पाण्याची पातळी आणि उघड्या काठाची रुंदीही लिहावी. पक्षी घटले की तलाव जास्त भरलेला होता, हे त्याशिवाय ठरवता येणार नाही.