बुरशीने सांगितलेलं गुपित

बाळांनो, नॉर्वेत हार्डांगरविडा नावाचं एक उघडंबोडकं पठार आहे. तिथली थोडी माती १९६९ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझलला, सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली. त्या मातीतल्या बुरशीतून मिळालं सायक्लोस्पोरिन. रक्तातल्या टी-पेशींना आवर घालणारं औषध! दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेल्या रुग्णांना शरीराने ते नाकारू नये म्हणून देऊ लागले.

१९७९ साली मात्र भलतंच घडलं. सांधे सुजलेल्या काही रुग्णांना डॉक्टरांनी हेच औषध दिलं. त्यांना सोरायसिसही होता. लालभडक चट्टे, त्यांवर चंदेरी खवले. आणि काय सांगू, ते चट्टेच विरू लागले! तोवर बहुतेकांना वाटायचं, दोष कातडीतच आहे. पण टी-पेशींना लगाम घातल्यावर कातडी निवळते, याचा अर्थ काय? आग लावणारे रक्तातून येत होते.

या टी-पेशी एरवी आपल्या गस्तवाल्या. सोरायसिसमध्ये त्या शत्रू नसतानाही पेटून उठतात. डेंड्रिटिक नावाच्या पेशी इंटरल्यूकिन-२३ नावाचा निरोप धाडतात, तो मिळाला की टी-पेशी इंटरल्यूकिन-१७ सोडतात. हा दुसरा निरोप पोचताच कातडीच्या पेशी भराभरा वाढतात. तळातली पेशी वर येऊन झडायला एरवी महिनाभर लागतो. इथे चार-पाच दिवसांत वर येते, कच्चीच! तेच ते खवले. शिवाय त्या कातडीच्या पेशीही उलट निरोप धाडून रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशींना बोलावतात. सूक्ष्मदर्शकाखाली खवल्यात त्यांचे बारीक पुंजके दिसतात. मला या आजारात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच, की टी-पेशी आणि कातडीच्या पेशी एकमेकींना चिथावत राहतात आणि आग विझतच नाही.

ही आग कातडीपुरती राहत नाही. दाह वाढवणारे निरोप रक्तातही सापडतात, काहींचे सांधे धरतात, हृदयालाही धोका वाढतो. पिढीजात कल असलेल्या मुलांना कधी घसा सुजल्याचं, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गाचं निमित्त पुरतं.

आता नेमका एकच निरोप अडवणारी इंजेक्शनं आहेत. टी-पेशींना शांत करणारं इटोलिझुमॅब तर बंगळूरच्या बायोकॉनने २०१३ मध्ये आणलं.

आणि हे पक्कं ध्यानात ठेवा: सोरायसिस शिवल्याने पसरत नाही. वर्गात कुणाच्या हातावर असे चट्टे दिसले, तर त्याच्या शेजारी बसा आणि त्याच्या डब्यातलं खुशाल खा.