काळ्या खिडकीशी दोस्ती

हॅकरांची मक्तेदारी समजून आपण जिच्या वाटेला जात नाही, ती कमांड लाइन खरं तर ऑफिसात मान मोडून काम करणाऱ्यांच्याच कामाची आहे. फक्त तिच्याशी बोलायचं कसं, हे ठाऊक हवं!

सिनेमातला हॅकर आठवतोय? अंधारी खोली, डोक्यावर हुडी, काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं धबधब्यासारखी कोसळतायत आणि पठ्ठ्या दहा सेकंदांत बँक लुटून मोकळा! या सीनने एका गुणी खिडकीची पार बदनामी करून टाकली. आयटीवाल्याने आपल्या लॅपटॉपवर ती काळी खिडकी उघडली, की आपण खुर्ची सोडून चहा प्यायला जातो. जणू ऑपरेशन चाललंय आणि नातेवाइकांनी बाहेर थांबायचंय.

आता गंमत बघा. ही खिडकी ज्या युनिक्समुळे घराघरांत पोचली, त्याची सुरुवात १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी केली. आणि त्यांचं पहिलं खरंखुरं गिऱ्हाईक कोण? तर त्याच कंपनीचं पेटंट खातं! १९७१ मध्ये त्या खात्यातले तीन टायपिस्ट दिवसभर या सिस्टीमवर पेटंटचे अर्ज टाइप करायचे, दुरुस्त करायचे. त्यांचं काम चालू असताना त्याच मशीनवर थॉम्पसन-रिची मंडळी आपलं संशोधन रेटायची. म्हणजे हुडीवाले नंतर आले. आधी आला तो ऑफिसचा स्टाफ.

कमांड इतक्या तुटक का, याचंही उत्तर त्याच काळात सापडतं. तेव्हा स्क्रीन नव्हती, टेलिटाइप मशीन होतं. ते सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं छापायचं आणि त्याच्या कळा दाबून बोटं दुखायची. मग कॉपीचं ‘सीपी’ झालं, मूव्हचं ‘एमव्ही’, लिस्टचं ‘एलएस’. आपण एसएमएसच्या जमान्यात स्वर गाळून टाइप करायचो ना, तसंच!

पीडब्ल्यूडी म्हणजे बांधकाम खातं नव्हे

खिडकी उघडायची कशी? मॅक असेल तर कमांड आणि स्पेस एकदम दाबा आणि टर्मिनल शोधा. विंडोज १० किंवा ११ असेल, तर पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘डब्ल्यूएसएल’, स्पेस, दोन डॅश आणि त्यांना चिकटून ‘इन्स्टॉल’ असं टाइप करा. मशीन रीस्टार्ट केलं की विंडोजच्या पोटात उबंटू लिनक्स हजर. (ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी आयटीची परवानगी. उगाच लफडं नको.) लोकलमध्ये उभ्या उभ्या सराव करायचाय? अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं ॲप आहे. आणि हो, कमांड कुठलीही असो, ती इंग्रजीत आणि लहान अक्षरांतच टाइप करायची.

पहिली कमांड ‘पीडब्ल्यूडी’. हसू नका, रस्त्यावरच्या खड्ड्यांशी तिचा संबंध नाही. आपण आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत, ते ती सांगते. ‘एलएस’ म्हटलं की आजूबाजूला काय काय पडलंय ते दिसतं. ‘सीडी’ आणि पुढे फोल्डरचं नाव दिलं की तिकडे जाता येतं, आणि ‘सीडी’पुढे स्पेस देऊन दोन टिंबं दिली की एक पायरी मागे. झालं! मी कुठे आहे, इथे काय आहे, तिकडे कसं जाऊ. नव्या शहरात पहिल्या दिवशी आपण वेगळं काय विचारतो?

एक भानगड मात्र पहिल्याच दिवशी होणार. तुमच्या फोल्डरचं नाव असणार ‘सॅलरी शीट फायनल नवीन’. खिडकीला स्पेस म्हणजे शब्द संपला असं वाटतं, त्यामुळे ती ‘सॅलरी’ नावाचं फोल्डर शोधत बसते. उपाय म्हणजे नाव अवतरणचिन्हात टाका. नाहीतर नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब की दाबा, उरलेलं ती स्वतः भरते. माझ्या मते टॅब ही या दुनियेतली सगळ्यात लाडावून ठेवावी अशी की. दुसरा नंबर वरच्या बाणाचा, त्याने आधीची कमांड परत येते. आणि कंट्रोल-सी म्हणजे इथे कॉपी नव्हे. चाललेलं काम जागच्या जागी थांबवायचं असेल तर ते दाबायचं.

छत्तीस फाइलींची संध्याकाळ

पण हे शिकून फायदा काय, बॉस? माउस आहे की हातात!

माझी एक मैत्रीण अंधेरीच्या एका ऑफिसात एमआयएस बघते. दर महिन्याच्या एक तारखेला तिच्याकडे छत्तीस शाखांच्या छत्तीस सीएसव्ही फाइली येतात. एकेक उघड, कॉपी कर, मोठ्या शीटमध्ये पेस्ट कर, कुठली झाली आणि कुठली राहिली त्यावर कागदावर टिक कर. दोन संध्याकाळी यात जायच्या. रात्री पावणेदहाची कल्याण लोकल, घरी गार झालेलं जेवण आणि मधल्या कुठल्यातरी शाखेचे आकडे दोनदा पेस्ट झाल्याची धाकधूक. ऑफिसातल्या एका ज्युनिअर पोराने तिला एक ओळ लिहून दिली. ‘कॅट’, मग ‘*.’ आणि त्याला चिकटून सीएसव्ही, मग ‘>’ हे चिन्ह आणि शेवटी दुसऱ्या फोल्डरमधल्या नव्या फाइलचं नाव. एंटर! छत्तीस फाइली एकाखाली एक चिकटल्या. (दुसरं फोल्डर मुद्दाम घ्यायचं. नाहीतर पुढच्या वेळी ती एकत्र केलेली फाइलही सदतिसावी शाखा म्हणून आत शिरते.)

अडचण एकच उरली. प्रत्येक फाइलच्या डोक्यावरची मथळ्याची ओळ छत्तीस वेळा आली. त्यावर उतारा ‘ग्रेप’. ही कमांड दिलेला शब्द असलेल्या ओळी शोधून देते आणि तिच्यापुढे ‘-व्ही’ लावलं, की त्या ओळी सोडून बाकीच्या देते. आता मैत्रिणीचं हे काम चहाच्या आधी संपतं. साहेबांना तिने हे अजून सांगितलेलं नाही आणि सांगावं असं मलाही वाटत नाही. वाचलेल्या संध्याकाळी ती पोहायला जाते.

या सगळ्यातली खरी भन्नाट आयडिया म्हणजे पाइप. कीबोर्डवर एंटरच्या आसपास ‘|’ अशी उभी रेघ असते, आपण जन्मात न वापरलेली. एका कमांडचं उत्तर ती थेट दुसऱ्या कमांडच्या तोंडात देते. बागेत पाण्याच्या नळ्या एकमेकींना जोडतात तसे प्रोग्रॅम जोडता आले पाहिजेत, असं बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं. १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ते युनिक्समध्ये बसवलं, तेही एका रात्रीत! नाशिकच्या किती नोंदी आहेत? ‘ग्रेप’ने नाशिकच्या ओळी काढा, रेघ मारा, ‘डब्ल्यूसी -एल’ने त्या मोजा. कुठली नोंद दोनदा आलीय? ‘सॉर्ट’ करा, रेघ मारा, ‘युनिक’ला ‘-डी’ लावा. हा युनिक बिचारा फक्त शेजारच्या ओळीकडे बघतो, लांबची जुळी भावंडं त्याला दिसत नाहीत. म्हणून आधी सॉर्ट करून सगळ्यांना रांगेत उभं करायचं. एकेकटी कमांड अगदी साधी, पण जोडल्या की कमाल.

इथे कचऱ्याचा डबा नाही

आता जरा सिरिअस होऊ या. ‘आरएम’ ही कमांड फाइल डिलीट करते. रिसायकल बिन नाही, अनडू नाही, ‘नक्की ना?’ असा प्रश्नही सहसा नाही. समजा दिवाळीचे फोटो उडवायचेत. ‘आरएम दिवाळी*’ म्हणजे दिवाळीने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली. पण बोट घसरलं आणि स्टारच्या आधी एक स्पेस पडली, की अर्थ होतो ‘दिवाळी नावाची फाइल आणि शिवाय इथल्या झाडून सगळ्या फाइली’. एका स्पेसची ही किंमत! सवय अशी लावा, की आरएमच्या जागी आधी एलएस लिहून एंटर मारायचा. जी यादी दिसेल, तीच उडणार. पटली तर वरचा बाण दाबून एलएसचं आरएम करा. ‘-आय’ जोडलं तर ती प्रत्येक फाइलला विचारते.

मोठ्यांचंही असंच होतं. १९९८ मध्ये पिक्सारच्या सर्व्हरवर कुणीतरी अशीच कमांड चालवली आणि ‘टॉय स्टोरी २’मधली पात्रं लोकांच्या डोळ्यांदेखत गायब व्हायला लागली. बॅकअप बघितला, तर तोही नीट चालत नव्हता. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, त्यामुळे त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक कॉपी होती. तो कॉम्प्युटर ब्लँकेटात गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणला गेला. वर्क फ्रॉम होमला नाकं मुरडणाऱ्या साहेबांना ही गोष्ट जरूर सांगा.

दुसरा धोका नवा आहे. २०२४ पासून ‘क्लिकफिक्स’ नावाची फसवणूक फोफावलीय. एखाद्या साइटवर ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ अशी पाटी येते. मग विंडोज आणि आर दाबा, कंट्रोल-व्ही करा, एंटर मारा, अशा सूचना. तुम्ही जे पेस्ट करता ती कमांड असते आणि ती तुमचे पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम घेऊन येते. कुठलीही खरी साइट असं करायला सांगत नाही. हल्ली एआयला विचारलं की तोही हवी ती कमांड लिहून देतो आणि बऱ्याचदा बरोबरही देतो, पण एंटर दाबणारं बोट तुमचं असतं. न कळलेला शब्द दिसला, की ‘मॅन’ लिहून पुढे त्या कमांडचं नाव द्या, तिचं माहितीपुस्तक उघडतं. भाषा जाम रुक्ष आहे, पण कुठला ऑप्शन काय करतो ते कळतं. बाहेर यायला क्यू.

सरावासाठी एक वेगळं फोल्डर बनवा, ‘एमकेडीआयआर’ने. त्यात ऑफिसच्या फाइलींच्या कॉपी टाका आणि आठवडाभर लंच टाइममध्ये मनसोक्त धुडगूस घाला. आणि कधी चुकून ‘व्हीआय’ नावाच्या एडिटरमध्ये जाऊन पडलात, काहीही दाबलं तरी बाहेर पडता येईना, तर घाबरून मशीन बंद करू नका. भले भले तिथे अडकलेत. एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. सुटलात!