चिनी वैद्यकातील फुप्फुसरक्षणाचे घरगुती उपाय : आयुर्वेदीय दृष्टीने विचार

अंबरनाथ परिसरातील मोरिवली, चिखलोली व आनंदनगर हा औद्योगिक पट्टा आणि त्यास लागून असलेली उल्हासनगर, बदलापूर ही शहरे येथे व्यवसाय करणाऱ्या वैद्यांस कास, श्वास व प्रतिश्याय हे व्याधी नवे नाहीत. रात्रपाळी करून आलेला कामगार घसा खवखवतो म्हणून येतो, त्याच्याच घरातील वृद्ध माता पहाटे दम लागतो म्हणून येते. अलीकडे या नित्याच्या चित्रात एक भर पडली आहे. रुग्ण भ्रमणध्वनीवर पाहिलेली ‘फुप्फुसशुद्धी’ची चिनी कृती किंवा परदेशातील नातलगाने पाठविलेली चिनी काढ्याची पाकिटे घेऊन येतो आणि विचारतो, “वैद्यराज, हे घेतले तर चालेल का?” औषधविक्रेत्यांकडे तर असा माल ठेवा म्हणून आग्रहही होतो. हा प्रश्न हसण्यावारी नेणे उचित नव्हे, आणि न वाचता होकार देणे त्याहून अनुचित. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने परामर्श घेण्याचे योजिले आहे.

चिनी वैद्यकाशी मराठी माणसाचा संबंध आला की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव निघते. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकात ते व नागपूरचे डॉ. चोळकर असे दोघे महाराष्ट्रातील होते. परंतु कोटणीस हे शल्यचिकित्सक होते. त्यांनी युद्धात जखमी झालेल्यांवर शस्त्रकर्मे केली आणि १९४२ साली तेथेच देह ठेवला. याच पथकातील डॉ. बिजय कुमार बसू यांनी पुढे १९५८ साली पुन्हा चीनला जाऊन सूचिवेध शिकून घेतला आणि तो भारतात आणला. सूचिवेधास आज महाराष्ट्रात २०१५ च्या अधिनियमाने स्वतंत्र स्थान आहे. चिनी वनौषधींचे तसे नाही. त्या आपल्याकडे कोणत्याही चिकित्सापरंपरेतून आलेल्या नाहीत. त्या पार्सलमधून आल्या आहेत. हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा.

चिनी शास्त्रात फुप्फुसास ‘फेइ’ म्हणतात. ‘ची’ नामक प्राणतुल्य शक्तीचे नियमन, श्वास खाली उतरविणे, शरीरातील जलमार्ग मोकळे ठेवणे आणि त्वचा व रोम यांचे पोषण करणे ही त्याची कार्ये. नासिका हे त्याचे द्वार आणि बृहदंत्र हा त्याचा जोडीदार मानलेला आहे. हा अवयव ‘नाजूक’ समजला जातो. थंडी, उष्णता व विशेषतः रूक्षता यांचा पहिला आघात त्यावर होतो, आणि म्हणून शरद ऋतू हा त्याच्या काळजीचा काळ ठरतो. आयुर्वेदाच्या अभ्यासकास सर्वांत जवळचा वाटेल तो त्यांचा एक सिद्धांत असा, की कफसदृश ‘थान’ हा पदार्थ प्लीहेच्या क्षेत्रात, म्हणजे पचनाच्या ठिकाणी निर्माण होतो आणि फुप्फुसात केवळ साठतो. फुप्फुसाची नाडीही त्यांच्या मते छातीत सुरू होत नाही. ती उदरमध्यातून निघते, बृहदंत्रास वेढा घालून वर चढते आणि अंगठ्याच्या टोकापर्यंत जाते.

आता चरकाचार्यांची भूमिका आठवावी. विमानस्थानात प्राणवह स्रोतसांचे मूल हृदय आणि महास्रोतस असे सांगितले आहे. चिकित्सास्थानात हिक्का व श्वास यांचे स्वरूप कफवातात्मक असले तरी उद्भव पित्तस्थानी मानलेला आहे. दोन्ही परंपरांनी छातीच्या रोगाचे मूळ उदरात पाहिले, हे साम्य थक्क करणारे आहे. व्यवहारातही ते उपयोगी पडते. रात्री उशिरा जेवून लगेच आडवा होणारा, दही-केळे व थंड पेये सोडू न शकणारा तमकश्वासाचा रुग्ण कोणताही लेह चाटून बरा होत नाही. ‘आधी अग्नी सांभाळा’ हे त्यास चिनी वैद्यही सांगेल आणि आपणही सांगतो. तथापि साम्य दिसले म्हणून ‘थान’ म्हणजे कफदोष आणि ‘ची’ म्हणजे वायू असे समीकरण मांडणे घाईचे होईल. त्यांच्या पंचतत्त्वांत काष्ठ आणि धातू आहेत, आकाश व वायू नाहीत. आपली पंचमहाभूते निराळी आहेत.

घरगुती उपायांपैकी निरुपद्रवी कोणते, ते आधी पाहू. शुष्क कासासाठी चिनी घरांत नासपती कोरून, त्यात खडीसाखर भरून ती वाफवितात. स्निग्ध, मधुर, शीत असा हा योग असून आपल्या मनुका-खडीसाखरेच्या जातीचाच आहे. मधुमेह्यास वर्ज्य सांगितला की त्यात आक्षेपार्ह काही उरत नाही. नासपती आपल्या बाजारात पावसाळ्यात मिळते. एरवी तिच्या शोधात फिरण्याचे कारण नाही, कारण कोहळा बारमाही आहे आणि क्षतक्षीण व कासात कूष्मांडावलेहाचे स्थान आपणांस ठाऊकच आहे. योगायोगाने कोहळ्याचे बी चिनी वैद्यकातही फुप्फुसविद्रधीच्या काढ्यात वापरतात.

नासपतीच्या या कृतीत पुष्कळदा ‘छ्वान-पेइ-मू’ नावाचा लहान पांढरा कंद घालतात. तो फ्रिटिलेरिया या वंशातील हिमालयीन वनस्पतीचा असतो. अष्टवर्गातील क्षीरकाकोली म्हणून आपल्याकडे जी द्रव्ये स्वीकारली जातात, त्यांत याच वंशातील कंद आहे. म्हणजे च्यवनप्राशाच्या पाठात ज्याचे नाव आहे, पण जे मिळत नाही म्हणून प्रतिनिधी द्रव्य घालावे लागते, तेच चीनमध्ये खोकल्याच्या पाकात पडते. चिनी मागणीमुळे हिमालयातील या कंदाची बेसुमार उकरणी झाली आहे. चढ्या भावामुळे भेसळही होते. तेव्हा ‘अस्सल चिनी कंद’ म्हणून मिळणाऱ्या पुडीत नेमके काय आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याविना सांगणे कठीण होय.

कफप्रधान कासात त्यांचा आवडता योग म्हणजे संत्र्याची जुनी वाळविलेली साल (छन-फी), ‘पान-श्या’ नामक कंद, फू-लिंग आणि ज्येष्ठमध. साल व कंद हे दोन्ही जुने घ्यावयाचे, म्हणून या काढ्याचे नावच ‘दोन जुने’ असे आहे. संत्र्याच्या सालीबद्दल वाद नाही. पान-श्या मात्र सुरण-अळूच्या कुळातील आहे. सुरणाने घसा का खाजतो आणि त्यात चिंच वा आमसूल का घालतात, हे आपल्या घरातील स्त्रियांस सांगावे लागत नाही. पान-श्याचा कच्चा कंद त्याच सुईसारख्या ऑक्झलेट स्फटिकांमुळे कंठास दाह करतो आणि मोठ्या मात्रेत विषारी ठरतो. चिनी औषधनिर्माते आले व तुरटी यांत त्याचा संस्कार करतात. शोधन न जाणता द्रव्य वापरू नये, हा आपला दंडक येथे शब्दशः लागू पडतो.

ज्येष्ठमध दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे तो निरागस समजला जातो. त्यातील ग्लिसिऱ्हायझिन शरीरात क्षार व पाणी साठवून पोटॅशियम घटविते, रक्तदाब वाढविते. युरोपात नित्य सेवनासाठी दिवसास १०० मि.ग्रॅ. ही मर्यादा सांगितली जाते. मुळात ते चार टक्के धरले तरी ४ ग्रॅम चूर्णात १६० मि.ग्रॅ. होते. आठ-दहा दिवसांच्या खोकल्यासाठी हे चिंतेचे नाही. परंतु रक्तदाबाच्या व मूत्रल गोळ्या घेणारा पन्नाशीचा कामगार आपला ज्येष्ठमध, चिनी चहातील ज्येष्ठमध आणि वर चघळण्याच्या कांड्या असे महिनोन्महिने घेत असेल, तर पाय सुजणे व स्नायूंची दुर्बलता यांचे कारण तेथे शोधावे.

आता खरोखर धोक्याची द्रव्ये. पहिले ‘मा-ह्वांग’. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभीच्या चांग चुंग-चिंग यांच्या ग्रंथापासून श्वासरोगात त्याची योजना आहे आणि ते गुणकारी आहे, यात शंका नाही. १८८५ साली नागाई या जपानी शास्त्रज्ञाने त्यातून एफेड्रिन वेगळे केले आणि १९२४ च्या पेकिंगमधील संशोधनानंतर ते जगभर दम्यात वापरले गेले. आपली सोमलता म्हणून विकली जाणारी एफेड्रा त्याच वंशातील. हृदयगती, रक्तदाब, निद्रानाश, वृद्ध पुरुषांत मूत्रावरोध हे तिचे उपद्रव. अमेरिकेने २००४ साली आहारपूरकांत तिच्यावर बंदी घातली. भारतात एफेड्रिन हे नियंत्रित द्रव्य आहे. कोविडच्या काळात, २०२० पासून जगभर पोहोचलेल्या ‘ल्येन-ह्वा छिंग-वन’ या कॅप्सूलमध्ये मा-ह्वांग आणि रेचक रेवंदचिनी दोन्ही आहेत, हे ती मागविणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल?

दुसरे ‘शिंग-रन’, म्हणजे कडू जर्दाळूची बी. कासघ्न म्हणून ती अल्प मात्रेत देतात. तिच्यातील अमिग्डॅलिनपासून सायनाइड सुटते. घरी ‘बदामच तो’ म्हणून मूठभर वाटून मुलास देणे प्राणावर बेतू शकते.

तिसरे ‘मा-तोउ-लिंग’. हे फळ कास-श्वासातच वापरले जाई. ते ॲरिस्टोलोकिया वंशातील असून त्यातील आम्ल वृक्क निकामी करते व मूत्रमार्गाचा कर्करोग घडविते. १९९३ साली बेल्जियममध्ये याच वंशातील वनस्पतीची भेसळ झालेल्या कृशतेच्या औषधांनी अनेक स्त्रियांची वृक्के गेल्याचे प्रसिद्ध झाले. अखेर चीनने २०२० च्या औषधकोशातून हे फळ वगळले. यात आपणांस फुशारकी मारण्याजोगे काही नाही. कोकणात सापसंद अथवा ईश्वरी म्हणून ओळखली जाणारी वेल त्याच वंशाची आहे आणि तिच्यातही तेच आम्ल आहे. वनौषधी विक्रेत्याकडून मुळ्या घेताना हे विसरू नये.

औषधाविना जे उपाय आहेत, त्यांत ताय-ची या मंद, लयबद्ध व्यायामाविषयी बरे पुरावे आहेत. चीनमधील जीर्ण श्वासरोग्यांवर केलेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचा लाभ रुग्णालयीन श्वसन-पुनर्वसनाच्या बरोबरीचा आढळला. ज्यास रोज चालणे व सौम्य प्राणायाम झेपतो, त्याने ताय-चीचा वर्ग शोधण्याची आवश्यकता नाही. मात्र दम लागलेला असताना कपालभाती करविणाऱ्यांस रोखणे आवश्यक आहे. ‘हिवाळ्याचा रोग उन्हाळ्यात आवरावा’ म्हणून मोहरी, आले इत्यादींचा लेप पाठीवर लावण्याची चिनी प्रथा आपल्या ऋतुशोधनाची आठवण करून देते. पण त्यांचे ते उष्णतम दिवस आपल्या आषाढ-श्रावणात येतात, जेव्हा अंबरनाथात धो धो पाऊस असतो. त्वचेवर फोड येतात ते वेगळेच. कफाच्या पूर्वनियोजनासाठी वसंतातील वमन हाती असता ते पंचांग उसने घेण्याचे प्रयोजन दिसत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत दवण्याची कांडी (मोक्सा) जाळणे मात्र श्वासरोग्यास सरळ अपथ्यच. आपले धूपनही त्याच न्यायाने त्याच्या खोलीत नको.

या परिसरासाठी एक मुद्दा सर्वांहून महत्त्वाचा. २०१४ च्या नोव्हेंबरात वालधुनी नदीत टँकरमधून घातक रसायन सोडल्याने उल्हासनगरातील शेकडो रहिवासी रुग्णालयात गेले. जून २०२१ मध्ये बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मोरिवलीत वायू पसरून लोकांस डोळे चुरचुरणे, घसा जळजळणे, श्वास कोंडणे असे त्रास झाले. अशा रात्री दार ठोठावणाऱ्या रुग्णास काढा, लेह, नस्य, वमन वा वाफारा यांपैकी काहीही देऊ नये, मग ते चिनी असो वा आपले. वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर नेणे, कपडे बदलणे, डोळे साध्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलावणे एवढेच करावे. नायट्रोजनची ऑक्साइडे, फॉस्जीन यांसारख्या वायूंनी प्रथम किरकोळ खोकला येऊन थांबतो आणि कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरते. म्हणून ‘आता बरे वाटते’ म्हणणाऱ्या रुग्णासही घरी झोपण्यास न पाठविता रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवणे आवश्यक असते. हे त्याच्या नातलगांस स्पष्ट शब्दांत सांगावे.

औषधविक्रेत्यांसाठी दोन शब्द. चिनी तयार औषधे आपल्या आयुर्वेदिक परवान्याच्या कक्षेत येत नाहीत. ती ‘हर्बल चहा’ या नावाने आली तरी खोकल्या-दम्यासाठी म्हणून विकताच औषध ठरतात. ‘दमा समूळ नष्ट’ असा दावा तर कोणत्याही पॅथीच्या औषधावर निषिद्ध आहे. लेबलविरहित ‘दम्याच्या पुड्या’ दोन दिवसांत आश्चर्यकारक गुण देत असतील, तर त्यांत स्टेरॉइडची भेसळ असल्याचा संशय धरावा. अशा घटना अनेक देशांत उघडकीस आल्या आहेत. चेहरा वाटोळा झालेल्या रुग्णाच्या पुड्या एकाएकी बंद न करता त्यास फुप्फुसतज्ज्ञाकडे पाठवावे. आपल्याच मांडणीवरील त्रिभुवनकीर्ती व श्वासकुठार यांत वत्सनाभ आहे आणि तो अनुसूची ई-१ मधील विषद्रव्यांत मोडतो. त्यांची डबी चिठ्ठीविना पुढे सरकविणाऱ्याने चिनी औषधांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ज्वर, वजन घटणे, थुंकीत रक्त यांपैकी काही दिसल्यास नासपती आणि अडुळसा दोन्ही बाजूला ठेवून शासकीय केंद्रात थुंकीची विनामूल्य तपासणी करवावी. क्षयरुग्णाची नोंद कळविणे २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि क्षयाची औषधे देणाऱ्या औषधविक्रेत्यांवर ही जबाबदारी २०१८ च्या अधिसूचनेने आली आहे.