नारळाचे दूध आणि बाळाचे दूध

'दूध' हा शब्द मराठीत मोठ्या सैलपणे वापरला जातो. गाईचे ते दूध, नारळाचे तेही दूध, आणि शेराची फांदी मोडली की गळते तेही दूधच. पांढरा, अपारदर्शक द्रव दिसला की आपण त्याला दूध म्हणून मोकळे होतो. बोलण्यात याने काही बिघडत नाही. पण वर्षा-सव्वा वर्षाच्या मुलाच्या पेल्यात काय घालायचे हे या शब्दावरून ठरू लागले, तर मात्र बिघडते.

सिंधुदुर्गातील फोंडाघाट हे सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. घाट चढला की राधानगरी-कोल्हापूरकडचा दुधाचा मुलूख लागतो. पश्चिमेकडे उतरत गेले की नारळी-पोफळीची किनारपट्टी. कोकणातली गाय लहान चणीची. 'कोकण कपिला' या नावाने २०१८ साली तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. ती दिवसाला साधारण दोन-अडीच लिटर दूध देते. त्यामुळे घाटावर जिथे दूध वापरतात तिथे कोकणी स्वयंपाकघरात बऱ्याचदा नारळाचा रस असतो. अशा भागात एक प्रश्न सहज पडतो. मूल डब्याच्या दुधावर वाढले, आता वर्षाचे झाले. डबा महाग आहे आणि गाईचे दूध सोसत नाही अशी शंका आहे. मग नारळाचे, सोयाबीनचे किंवा बदामाचे दूध का देऊ नये?

प्रश्न योग्य आहे. उत्तर देण्यासाठी आधी डब्यातले दूध काय काम करत होते ते पाहू. बाळासाठीची दुधाची भुकटी बहुधा गाईच्या दुधापासूनच तयार करतात. त्यातील प्रथिने व क्षार कमी करतात, वनस्पती तेले मिसळतात आणि लोह, जीवनसत्त्व ड, ब-१२ वगैरे वरून घालतात. यावरून एक गोष्ट लक्षात येईल. ज्या मुलाने असे साधे डब्याचे दूध महिनोन्‌महिने विनातक्रार पचवले, त्याला गाईच्या दुधाची ॲलर्जी असण्याचा संभव कमीच. शंका असेल तर निदान डॉक्टरांकडून करून घ्यावे.

वर्ष पूर्ण झाल्यावर निरोगी मुलाला डब्याची गरज राहत नाही. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत व त्यानंतरही चालू ठेवावे. वरचे दूध द्यायचे झाल्यास १२ महिन्यांनंतर साधे प्राणिज दूध चालते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. भारतात तर १९९२ च्या कायद्याने, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर अधिक कडकपणे, दोन वर्षांखालील मुलांच्या अशा पदार्थांच्या जाहिरातीवर बंदी आहे.

आता थोडे गणित करू. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ११ ते १३ ग्रॅम प्रथिने, ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे १००० किलोकॅलरी ऊर्जा लागते. मूल दिवसभरात ४०० मिलिलिटर, म्हणजे दोन पेले, 'दूध' पिते असे धरू. त्यातून ढोबळमानाने काय मिळेल?

गाईचे दूध : प्रथिने १३ ग्रॅम, कॅल्शियम ४८० मिलिग्रॅम.
सोयाबीनचे दूध (कॅल्शियम न घातलेले) : प्रथिने १२ ग्रॅम, कॅल्शियम १०० मिलिग्रॅम.
नारळाचा रस (एक भाग दाट रस, चार भाग पाणी) : प्रथिने २ ग्रॅम, कॅल्शियम १५ मिलिग्रॅम.
तांदळाचे किंवा बदामाचे बाजारी पेय : प्रथिने १ ते २ ग्रॅम, कॅल्शियम वरून घातले असेल तरच पुरेसे.

चारही पेले दिसायला सारखे, पण काम सारखे नाही. नारळाच्या रसात स्निग्धांश भरपूर असतो. त्यामुळे पोट भरते, भूक मरते, पण शरीर बांधणारा माल येत नाही. नारळाचा रस वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. भातावर, भाजीत किंवा खिरीत तो उत्तम ऊर्जा देतो. फक्त दुधाची जागा तो घेऊ शकत नाही.

ही जागा चुकली तर काय होते? डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली गोल्ड कोस्टमधील (आजचा घाना) मुलांच्या एका आजाराचे वर्णन केले. धाकटे भावंड झाल्यामुळे अंगावरून तुटलेली आणि मक्याच्या पेजेवर वाढणारी ही मुले होती. तेथील गा भाषेतील 'क्वाशिओरकोर' हे नाव त्यांनी पुढे या आजाराला दिले. आजाराचे कारण केवळ गरिबी असते असेही नाही. अमेरिकेतील अटलांटा येथील डॉक्टरांनी २००१ साली २२ महिन्यांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. इसब होता आणि दूध सोसत नाही असा समज होता, म्हणून त्याला तांदळाचे पेय सुरू केले. रोज सुमारे दीड लिटर ते पीत असे, पण इतर अन्न फारच कमी खाई. त्याला तीव्र क्वाशिओरकोर झाला. त्याच लेखातील दुसऱ्या मुलाला कॅल्शियम व जीवनसत्त्व ड न घातलेल्या सोयापेयामुळे मुडदूस झाला होता.

या आजारात एक फसगत आहे. प्रथिनांअभावी रक्तातील अल्ब्युमिन घटते, पाणी रक्तात टिकत नाही, ऊतींत साठते आणि अंग सुजते. मूल गुबगुबीत दिसते आणि घरच्यांना वाटते की बाळसे धरले. पायावर बोट दाबून खळगा राहतो का हे पाहावे, आणि अंगणवाडीतील वजन-उंचीची नोंद चुकवू नये. सुजेच्या पाण्याने वजनही फसवते, म्हणून दोन्ही पाहावे.

नाचणीविषयीही असाच घोळ होतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पण त्यातील बराच भाग दाण्याच्या सालीलगत असतो. सत्त्व काढताना आपण नाचणी वाटतो, फडक्यातून गाळतो, चोथा टाकतो आणि खाली बसलेला साका वाळवतो. हा साका मुख्यतः स्टार्च असतो. त्यापेक्षा मोड आणून, वाळवून, भाजून दळलेल्या अख्ख्या नाचणीच्या पिठाची पेज बरी. मोड आल्याने खनिजे अडवून धरणारे फायटेटही काही प्रमाणात कमी होते.

मग प्राणिज दूध खरोखरच बंद करावे लागले तर? जुलाबानंतर काही दिवस लॅक्टोज पचत नाही. अशा वेळी दही पुष्कळदा चालते. दूध कायमचे सोडण्याचे कारण नाही. खरी ॲलर्जी असेल तर दहीही चालणार नाही. म्हशीचे वा शेळीचे दूध हाही उपाय नव्हे, कारण त्यातील प्रथिने गाईच्या दुधासारखीच असतात. वर्ष पूर्ण झालेल्या मुलासाठी त्यातल्या त्यात जवळचा पर्याय म्हणजे कॅल्शियम, जीवनसत्त्व ड व ब-१२ घातलेले, साखर नसलेले सोयापेय; अर्थात सोयाचीही ॲलर्जी नसेल तर. घरी केलेले सोयादूध चांगले उकळावे, कारण कच्च्या सोयातील ट्रिप्सिनरोधक प्रथिनांचे पचन अडवतो. त्यात कॅल्शियम मात्र थोडेच, हे वर पाहिले. वर्षाच्या आत कोणतेही वनस्पतिजन्य पेय मुख्य दूध म्हणून देऊ नये.

बदल हळूहळू करावा. आठ-दहा दिवसांत जुन्या दुधात नव्याचे प्रमाण वाढवत न्यावे. बाटली सोडून पेला घ्यावा. डब्यातून मिळणारे लोह आता जेवणातून यायला हवे, कारण गाईच्या दुधातही ते नगण्यच असते. मऊ भात-डाळ, कुळथाची पिठी, अंडे, काटे काढलेला मासा हे सारे कोकणात घरोघरी आहेच. ब-१२ वनस्पतींत नसते, म्हणून दूध आणि मासे-अंडी दोन्ही वर्ज्य असलेल्या मुलाला ते औषधरूपाने द्यावे लागते.

हा फरक वर्गातही दाखवता येतो. गाईचे दूध, सोयादूध, पातळ नारळरस आणि पेजेची निवळ चार परीक्षानळ्यांत घ्या आणि सर्वांत सारखेच पाणी मिसळा. प्रत्येकीत सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण आणि मोरचुदाच्या विरळ द्रावणाचे काही थेंब घाला. कॉस्टिक द्रावण शिक्षकांनीच हाताळावे. प्रथिने असतील तिथे जांभळा रंग येईल: दूध व सोयात ठळक, नारळरसात फिका; पेजेत जवळजवळ निळाच राहील. चारही नळ्या शेजारी धरल्या की 'पांढरे म्हणजे दूध' हा समज मुलांच्या मनातून जाईल, आणि त्यांच्यामार्फत घरी धाकट्या भावंडाच्या पेल्यापर्यंत ही माहिती पोहोचेल.