श्वास कळतो तो शेपटीवरून

घरातला पोपट खोकू लागला, तर आधी घरात कोण खोकतंय ते बघावं. आफ्रिकन ग्रे जातीचे पोपट आजोबांचा ठसका, मोबाइलची रिंग, दाराची बेल हुबेहूब काढतात. आणि ठसका लागला की सगळे वळून बघतात हे एकदा कळलं, की तो आवाज पुन्हापुन्हा येतो. त्यामुळे पक्ष्याच्या छातीचा अंदाज नुसता कानांनी येत नाही. बघायचं ते शेपटीकडे. स्वस्थ बसलेल्या पोपटाची शेपटी प्रत्येक श्वासाबरोबर वर-खाली होत असेल, चोच उघडी असेल, मान पुढे ताणलेली असेल, तर त्याला धाप लागली आहे. उडून आल्यावर किंवा घाबरल्यावर असं होऊन लगेच थांबलं, तर ते साहजिक आहे. बसल्याजागी होत राहिलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

‘उद्या बघू’ म्हणण्याइतकी सवड पक्षी देत नाही. रानात आजारी दिसणारा पक्षी शिकारी प्राण्याच्या नजरेत पहिला भरतो, म्हणून अंगात त्राण असेपर्यंत पोपट दुखणं लपवतो. कोणी जवळ आलं की पिसं मिटून ताठ बसतो, वाटीत चोच घालून दाणे उकरतो. खाल्ल्यासारखं वाटतं; प्रत्यक्षात टरफलं नुसती इकडची तिकडे झालेली असतात. हे सोंग उघडं पाडायला स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा पुरतो. बजरीगर जातीचा पोपट जेमतेम ३०-३५ ग्रॅमचा. त्याचं वजन तीन ग्रॅमनी घटलं तर डोळ्यांना कळत नाही, पण शरीराचा दहावा हिस्सा गेलेला असतो. रोज सकाळी खाण्याआधी वजन करून वहीत लिहिणाऱ्या माणसाला आजार पुष्कळदा धाप लागण्याच्या आधीच कळतो.

पक्ष्याचा श्वास इतका नाजूक का, याचं उत्तर त्याच्या शरीररचनेत आहे. माणसाच्या फुप्फुसात हवा ज्या वाटेनं जाते त्याच वाटेनं परत येते, आणि थोडी शिळी हवा नेहमीच आत उरते. पक्ष्याची फुप्फुसं लहान, पाठीकडच्या फासळ्यांना चिकटलेली आणि जवळपास न फुगणारी असतात. हवा खेळवण्याचं काम हवेच्या पिशव्या करतात. पोपटाला अशा नऊ असतात. त्या भात्यासारख्या चालतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं ढकलतात, त्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही फुप्फुसाला ताजी हवा मिळत राहते. उडण्याच्या कष्टाला लागणारा प्राणवायू असा मिळतो. पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच तत्परतेनं रक्तात उतरतं. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणीत पक्षी नेण्याचा सल्ला दिला, त्यामागे हेच कारण होतं. ब्रिटनच्या कोळसा खाणींतून कॅनरी पक्षी निवृत्त झाले ते थेट १९८६ मध्ये.

याच रचनेमुळे आजारी पोपट मुठीत घट्ट धरणं घातक ठरतं. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते. ते दाबलं गेलं की नाक-तोंड मोकळं असूनही तो गुदमरतो. जाणकार डॉक्टर डोकं आणि मान आधारानं धरतात, छाती मोकळी ठेवतात. धाप जास्त असेल तर आधी प्राणवायूच्या पेटीत ठेवतात आणि तपासणी नंतर करतात. अशा वेळी मालकानं ‘डॉक्टर हात का लावत नाहीत’ म्हणून अस्वस्थ होऊ नये. या हवेच्या पिशव्या कधीकधी जीवही वाचवतात. कॉकटील जातीच्या पोपटाच्या श्वासनलिकेत बाजरीएवढा दाणा अडकला, तर पोटाकडच्या बाजूनं पिशवीत बारीक नळी बसवता येते, आणि नलिका मोकळी होईपर्यंत पक्षी त्या नळीतून श्वास घेतो.

आता घरातली हवा. नॉनस्टिक तवा रिकामाच गॅसवर राहिला आणि प्रमाणाबाहेर तापला, तर त्याच्या लेपातून निघणारी वाफ पोपटाला काही मिनिटांत मारू शकते. माणसाला त्या वेळी वासही आलेला नसतो. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये तो यासाठीच. धूप, अगरबत्ती, डासांची कॉइल, फवारे, नवा रंग, सिगारेट हे सगळं त्याच्या श्वासात जातं. दिवाळीत खिडक्या बंद करून पिंजरा आतल्या खोलीत हलवणं अवघड नाही.

पावसाळ्यात धोका बुरशीचा. ॲस्परजिलस नावाची बुरशी दमट दाण्यांवर, शेंगांच्या टरफलांवर, पिंजऱ्यातल्या ओल्या कागदावर सहज वाढते. तिचे बीजाणू हवेच्या पिशव्यांत रुजले, की उपचार महिनोन्‌महिने चालतात. न्यूझीलंडच्या काकापो या न उडणाऱ्या पोपटांनी हे २०१९ मध्ये भोगलं. विणीचा हंगाम विक्रमी झाला आणि त्यातच कॉडफिश बेटावर ही बुरशी पसरली. आजारी पक्षी बेटावरून उचलून उपचारासाठी नेले, त्यांचे सीटी स्कॅन झाले. तरीही २१ बाधित पक्ष्यांपैकी ९ दगावले. इतकी देखरेख असलेल्या पक्ष्यांची ही गत, तर शेंगदाण्याला कुबट वास येत असताना तो पोपटाला घालणं किती महागात पडेल! या आजाराची एक खूण मात्र कानांनी कळते: बुरशीची गाठ स्वरयंत्रात झाली की बोलका पोपट घोगरा होतो किंवा बोलणंच सोडतो.

नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पोपटाची गोष्ट वेगळी. त्या बियांत ‘अ’ जीवनसत्त्व नगण्य. ते कमी पडलं की नाकाचं आणि घशाचं अस्तर जाड, कोरडं होतं आणि जंतूंना वाट मिळते. डॉक्टर चोच उघडून टाळूवरची फट बघतात. तिच्या कडेला बारीक, टोकदार काटे असायला हवेत. ते झिजून बोथट झाले असतील, तर आहाराची हकिकत सांगावी लागत नाही. गाजर, लाल भोपळा, पालक आणि पोपटाची लाडकी मिरची यांनी ही उणीव भरून निघते. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही.

डॉक्टरांपर्यंत पोचेस्तोवर ऊब आणि शांतता द्यावी. पिंजऱ्याची एक बाजू सुमारे ३० अंशांपर्यंत उबदार ठेवावी, दुसरी मोकळी, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येईल. तोंडात जबरदस्तीनं पाणी किंवा औषध घालू नये. धापा टाकणाऱ्याच्या श्वासनलिकेत ते उतरतं. दुकानदारानं दिलेली प्रतिजैविकाची पूड पाण्यात कालवणंही टाळावं. आजारी पक्षी पाणीच कमी पितो, मात्रा कळत नाही, आणि नंतर केलेली चाचणी फसते. घरात आपला हिरवा रावा असेल, तर तो पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. पण त्या भीतीपोटी त्याला उपचाराविना ठेवू नये.

शिंका आणि वाहत्या नाकामागे सिटाकोसिस हा रोग असू शकतो, आणि तो माणसालाही होतो. १९२९ च्या नाताळासाठी अमेरिकेतल्या ॲनापोलिसच्या एका गृहस्थानं बायकोला पोपट आणला. नाताळ उजाडण्याआधी तो मेला आणि काही दिवसांत घरातले तिघं तापानं अंथरुणाला खिळले. तिघंही वाचले. वॉशिंग्टनच्या हायजीनिक लॅबोरेटरीत चार्ल्स आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहायक हेन्री अँडरसन या रोगाच्या मागे लागले. दोघांनाही तो जडला. आर्मस्ट्राँग बरे झाले, अँडरसन फेब्रुवारी १९३० मध्ये गेले. त्याआधी जानेवारीतच राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी पोपटांच्या आयातीवर बंदी घातली होती.

तेव्हा औषध नव्हतं. आज डॉक्सिसायक्लिन आहे. पक्ष्याला ते परंपरेनं ४५ दिवस देतात, आणि मध्येच थांबवलं तर जंतू उरतात. या काळात पिंजऱ्यातला समुद्रफेस काढून ठेवावा, कारण त्यातलं कॅल्शियम औषध शोषू देत नाही. जंतू वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून पसरतात, म्हणून तळाचा कागद आधी ओला करून मगच गुंडाळावा, मास्क लावावा, झाडू फिरवू नये. नवा पक्षी महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवावा. आणि घरात कोणाला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला सुरू झाला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता घरी पोपट आहे हे सांगून टाकावं.