शस्त्रपूजेचा पूर्वरंग

आश्विन शुद्ध नवमी ही खंडेनवमी. खांडा म्हणजे रुंद पात्याची तलवार; तिच्यावरून या तिथीस हे नाव मिळाले. आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी, ग्रामदैवत श्रीराजराजेश्वराच्या छायेत आणि असदगडाच्या बुरुजांच्या साक्षीने, या दिवशी घरोघरी लोखंडाची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सुताराचा रंधा हे सारे पाटावर येतात. एखाद्या घरी पूर्वजांची तलवार किंवा परवान्याची बंदूकही असते.

पण पूजेच्या आदल्या दिवशी पुष्कळ ठिकाणी एक घाई होते. काळ्या तेलरंगाचा डबा आणावा आणि गंजलेल्या लोखंडावर सरसकट फिरवावा! पाटावर शस्त्र चकाकते खरे. परंतु पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात आणि खाली दडलेला गंज धातू खात बसलेला दिसतो. वरून सजविलेली आणि आतून झिजलेली वस्तू देवीपुढे ठेवणे हे पूजेला शोभणारे आहे काय?

आपल्या पूर्वजांना ही जाण होती. महाभारताच्या विराटपर्वात पांडव अज्ञातवासापूर्वी आपली शस्त्रे शमीवृक्षावर ठेवतात. तेव्हा फांदी मजबूत आहे ना आणि तेथे पावसाचे पाणी पोहोचणार नाही ना, हे पाहूनच नकुल ती बांधतो. दसऱ्याला शमीचे स्मरण करताना हा बारकावाही स्मरावा. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे 1600 वर्षे ऊनपाऊस सोसत उभा आहे. त्यावरील संस्कृत लेखातील ‘चंद्र’ राजा म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, असे बहुतेक विद्वान मानतात. कानपूरच्या आयआयटीतील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचे रहस्य उलगडले. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ, चिवट थर तयार झाला आणि तोच त्याचे कवच बनला. आजचे कारखाने बंदुकीच्या भागांना रंगापूर्वी जे फॉस्फेटिंग करतात, त्याचे तत्त्व याच जातीचे आहे.

हरिदास जसा पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण करून मगच आख्यानाकडे वळतो, तसाच धातूच्या रंगकामालाही पूर्वरंग असतो. प्रथम जुना रंग व गंज तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपरने काढावा. मग थिनरने तेलाचा अंशही उरू देऊ नये, कारण तेलकट धातूवर रंग धरत नाही. यानंतर उघड्या हाताचा स्पर्शही वर्ज्य. घामातील मीठ गंजाचे बीज पेरते. पुढे फॉस्फेटचा थर, त्यावर अस्तर म्हणजे प्रायमर, आणि शेवटी रंगाचे पातळ थर, एक वाळल्यावर दुसरा. भट्टीत शेकून पक्के होणारे रंग अधिक टिकतात. त्यांना उष्णता किती द्यावी हे रंग बनविणाऱ्याने सांगितलेले असते. देवाला आधी स्नान आणि मग वस्त्र, तोच हा क्रम.

विळाकोयत्याला हा संस्कार घरी करता येईल. बंदुकीचे मात्र तसे नाही. नळीच्या आत, काडतूस बसते तेथे आणि घोड्याच्या हलत्या सांध्यांत रंगाचा थर गेला तर यंत्रणा अडकते व जिवावर बेतू शकते. म्हणून हे काम परवानाधारक कारागिराकडेच सोपवावे. बंदुकीवर ठोकलेला क्रमांक रंगाखाली बुजू देऊ नये. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार तो खोडणे वा बदलणे हा गुन्हा आहे. पूजेला ठेवताना ती रिकामी असल्याची खात्री करावी आणि पूजा आटोपताच कुलपात ठेवावी.

वडिलोपार्जित तलवार, कट्यार यांना तर रंग लावूच नये. त्यांच्या पात्यावरील पोलादाची रेषा आणि मुठीवरील नक्षी हाच त्यांचा इतिहास; तो डब्यातल्या रंगाने पुसला जातो. कोरड्या कापडाने हलके पुसून तेलाचा पातळ हात फिरवावा, एवढे पुरे. नरनाळ्यावरची नऊगजी तोफ किंवा गाविलगडावरच्या तोफा पाहावयास जाणाऱ्या भाविकांनीही भक्तीच्या भरात त्यांना तेलरंग वा शेंदूर लावू नये.

आता पूजेविषयी. लिंबाचा रस आम्ल असतो, तो लोखंडाला खातो; ओले गंध-कुंकू ओल धरून ठेवते. म्हणून लिंबू शस्त्रावर न पिळता शेजारी ठेवावे, कोरड्या कुंकवाचे एकच बोट लावावे, फुलांचे पाणी निथळून मगच ती वाहावीत. उत्तरपूजेनंतर शस्त्र पुसून, कोरडे करून, तेल लावून ठेवावे.

ज्या लोखंडाने पूर्वजांचे घर राखले आणि शेत पिकविले, त्याला गंजू न देणे ही वर्षभराची पूजा होय. नवमीचा दिवस त्या पूजेची केवळ आठवण देतो. जगदंबा सर्वांच्या हातातील शस्त्रास व अवजारास रक्षणाची आणि निर्मितीची बुद्धी देवो!