पृथ्वीला थंडी वाजली तेव्हा

पौषात पहाटे शेतावर गेलं की हात गारठतात. दुपारी त्याच शेतात घाम येतो. पहाट आणि दुपार यांत पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. त्याने आपलं काही अडत नाही. पण साऱ्या पृथ्वीची, बाराही महिन्यांची मिळून सरासरी पाच-सहा अंशांनी खाली आली तर?

एकदा तसं घडलं आहे. त्या काळाला हिमयुग म्हणतात. हिम म्हणजे बर्फ. शेवटच्या हिमयुगातली सर्वांत कडक थंडी सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी होती. तेव्हा माणूस होता. तो शिकार करी, कंदमुळे खाई. शेती त्याला ठाऊक नव्हती.

बर्फाचे डोंगर

अमेरिकेच्या उत्तरेला कॅनडा देश आहे. तो तेव्हा जवळजवळ सगळा बर्फाखाली होता. युरोपातले नॉर्वे आणि स्वीडनही बर्फाखाली होते. हा बर्फ हात-दोन हात जाड नव्हता. आपल्या कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच आहे. त्यावर तेवढाच दुसरा डोंगर ठेवा. कॅनडात काही ठिकाणी बर्फाचा थर एवढा जाड होता! बर्फाच्या पलीकडे थंड, कोरडी, गवताळ राने होती. तिथे अंगभर लांब केस असलेले हत्ती चरत. त्यांना मॅमथ म्हणतात.

समुद्र मागे हटला

एवढा बर्फ आला कुठून? समुद्रातून. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ढग होतात, पाऊस पडतो. नद्यांवाटे पाणी पुन्हा समुद्राला मिळतं. हिमयुगात ते परत आलं नाही. ते बर्फ होऊन जमिनीवरच अडकलं. विहिरीतून पाणी उपसत राहिलं आणि झरा आटला, तर विहिरीची पातळी खाली जाणारच. समुद्राचं तसंच झालं. त्याची पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली. बारा मीटर खोल अशा दहा विहिरी एकाखाली एक धरा, म्हणजे अंदाज येईल.

मुंबईपासून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर, भर समुद्रात, ‘मुंबई हाय’ नावाची जागा आहे. तिथे आज समुद्राखालून तेल काढतात. तिथलं पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे. हिमयुगात ती जागा कोरडी जमीन होती. तामिळनाडूतून श्रीलंकेला पायी जाता येत होतं. आशियातून अमेरिकेलाही जमिनीने वाट होती.

आपल्याकडे काय होतं?

सह्याद्रीवर बर्फाचे थर नव्हते. पण पाऊस कमी झाला. समुद्र थंड, म्हणून वाफ कमी. जमीनही कमी तापे, म्हणून समुद्रावरून येणारे पावसाचे वारे दुबळे.

जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचं गाव आहे. तिथे जमीन खणताना शहामृगाच्या अंड्याची कवचे सापडली. ती सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची आहेत. एका कवचावर माणसाने कोरलेली नक्षी आहे. शहामृग हा न उडणारा मोठा पक्षी. तो कोरड्या, मोकळ्या माळरानात राहतो. आज रानात तो फक्त आफ्रिकेत आढळतो. पण तेव्हा तो आपल्या खानदेशात होता!

हे कळलं कसं?

युरोपात आल्प्स नावाचा पर्वत आहे. तिथल्या एका खेड्यात पेरोदां नावाचा शेतकरी राहत असे. तो शिकारही करी. बर्फाच्या थराने ओढत आणलेले धोंडे आणि घासलेले खडक त्याने पाहिले होते. तसेच धोंडे, तशाच खुणा बर्फापासून फार दूर, खालच्या खोऱ्यातही होत्या. त्याने ओळखलं, की बर्फ एके काळी इथवर होता. १८१५ साली त्याने हे शार्पांतिए नावाच्या विद्वानाला सांगितलं. विद्वानाला ते खरं वाटलं नाही. पुढे व्हेनेट्झ नावाच्या इंजिनियराने अनेक खोरी तपासली, तेव्हा पटलं. १८३४ साली शार्पांतिए यांनी स्वतःच तो विचार विद्वानांच्या सभेत मांडला.

आणखी एक पुरावा दक्षिण ध्रुवाकडे आहे. तिथे बर्फ थरावर थर साठतो. थरांत त्या-त्या काळची हवा बुडबुड्यांत अडकते. खोल भोक पाडून ती हवा तपासता येते. अशी आठ लाख वर्षांपर्यंतची हवा तपासली आहे.

थंडी का पडली?

पृथ्वीचा कल आणि सूर्याभोवतीची वाट हजारो वर्षांत हळूहळू थोडी बदलते. त्यामुळे उत्तरेकडचा उन्हाळा सौम्य झाला. हिवाळ्यातला बर्फ वितळेना. त्यावर नवा बर्फ पडे. पांढरा सदरा उन्हात कमी तापतो. तसा पांढरा बर्फही ऊन परत फेकतो. म्हणून थंडी आणखी वाढली.

शिवाय पृथ्वीची घोंगडी पातळ झाली. ही घोंगडी म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू. तो ऊब धरून ठेवतो. हिमयुगात हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे १९० भाग होता. पुढे ऊब वाढली तेव्हा तो २८० झाला.

एक अंश म्हणजे किती?

बर्फ वितळायला दहा हजारांहून अधिक वर्षे लागली. मग ऋतू बऱ्यापैकी वेळेवर येऊ लागले. त्यानंतरच माणूस गहू आणि जव पेरू लागला. मृगाच्या पावसावर पेरणी करायची, तर ऋतूंचा भरवसा हवा. शेती त्या भरवशावर उभी आहे.

आता आपण कोळसा आणि तेल जाळतो. त्यातून तोच वायू निघतो. आज तो ४२० भागांच्या वर गेला आहे. घोंगडी जाड झाली. गेल्या दीडशे वर्षांत पृथ्वी एक अंशाहून अधिक तापली. बर्फ वितळतो आहे आणि समुद्र चढतो आहे.

वर्तमानपत्रात ‘पृथ्वी एक अंशाने तापली’ असं वाचाल, तेव्हा ‘एकच अंश ना!’ असं म्हणू नका. पाच-सहा अंशांनी समुद्र १२० मीटर उतरला होता आणि खानदेशात शहामृग धावत होते, हे आठवा.

सांगा पाहू
१. हिमयुगात समुद्राचं पाणी कुठे गेलं?
२. पाटण्याच्या शहामृगावरून तिथल्या हवेबद्दल काय कळतं?
३. पेरोदांने कोणत्या खुणा पाहिल्या?